शाळा संपली, पुढें काय?

(ज्युबिलीनिमित्त घोडपदेव येथें भरलेल्या सभेंत, ह्या वर्षीं दहावी व बारावीच्या परीक्षेस बसलेल्या मुलामुलींपुढें व त्यांच्या आईबापांपुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं मागें वळून पाहण्याची रीत आहे, व ती योग्यच आहे. मंदिराचा पाया कसा घातला गेला, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, कोणाच्या घामाच्या पैशानें कोणती भिंत उभी राहिली, हें सर्व आपण आज इतर वक्त्यांच्या मुखांतून ऐकिलें. आम्हांस नेमून दिलेला विषय मात्र पुढचा आहे. शाळा संपविणाऱ्या मुलानें व मुलीनें कोणता मार्ग धरावा, ह्याविषयीं चार शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली आहे. विषय साधा दिसतो. परंतु दरवर्षीं निकाल लागला म्हणजे ह्याच एका विषयापायीं आपल्या चाळींतून किती घरांत दोन दोन दिवस कोणी कोणाशीं धड बोलत नाहीं, हें आपणांस ठाऊक आहे.

आईबाप विचारतात, 'सायन्सला घालूं कीं कॉमर्सला?' मुलगा म्हणतो, 'मित्र जातील तिकडे मी जाईन.' शेजारी विचारतो, 'टक्के किती पडले?' ह्या सगळ्या बोलण्यांत एक गोष्ट कोणीच विचारीत नाहीं. ती ही कीं, शिक्षण संपल्यावर ह्या मुलास कोणतें काम करतां येईल, आणि तें काम त्यास येतें ह्याची साक्ष त्याच्यापाशीं काय असेल? आमच्या मतें सगळा विषय ह्या प्रश्नांत आहे. घोडपदेवच्या लोकांस तर तो इतर कोणाहून अधिक कळावयास पाहिजे. कारण तो न विचारल्याची किंमत आपल्याच वडिलांनीं व आजोबांनीं भरली आहे.

तो इतिहास येथें थोडा विस्तारानें सांगतों, कारण समोर बसलेल्या मुलांचा जन्म त्यानंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर झाला. घोडपदेव, फेरबंदर, काळाचौकी, भायखळा हा सगळा मुलूख एके काळीं भोंग्यावर उठत असे व भोंग्यावर निजत असे. एका अंगास इंडिया युनायटेड, न्यू ग्रेट ईस्टर्न, खटाव अशा गिरण्या. दुसऱ्या अंगास माझगांव डॉक व पोर्ट ट्रस्टच्या गोद्या. वर कॉटन ग्रीनला कापसाच्या गांसड्यांच्या वखारी. आपल्या समाजांतले कोणी नगर-संगमनेराकडून आले, कोणी वसईहून, कोणी सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून. पोट मात्र बहुतेकांचें ह्याच दारांवर भरे. त्या काळीं मुलानें काय व्हावें हा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. बाप साचेखात्यांत किंवा त्रासनखात्यांत असला म्हणजे जॉबरची मनधरणी करून तो मुलास बदलीचा पास मिळवून देई.

बदली म्हणजे काय, हें आज समजावून सांगावें लागतें. बदली कामगारानें रोज पाळीच्या वेळीं गिरणीच्या दरवाजांत हजर राहावें. कायमचा कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागीं आजचें काम मिळावें, नसेल तर रिकाम्या हातानें घरीं परतावें. अशीं कित्येक वर्षें दारांत उभें राहून मग एखादा कायम होई. कायम झाला कीं घरीं पेढे वांटले जात, आणि आतां जन्माची ददात मिटली असें सर्वांस वाटे.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या सुमारें अडीच लाख गिरणी कामगारांनीं संप सुरू केला. तो रीतसर मागें घेतला असें कधीं झालेंच नाहीं. कांहीं गिरण्या पुन्हां उघडल्या नाहींत. ज्या उघडल्या त्यांतल्या बहुतेक पुढील वीस-पंचवीस वर्षांत एकामागून एक बंद पडल्या. दोष कोणाचा व किती, ह्या वादांत आम्ही शिरत नाहीं. तो वाद ह्या व्यासपीठाचा नव्हे. आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे आहे. वीस वर्षें साचा चालविलेला माणूस गिरणीबाहेर पडला तेव्हां त्याच्यापाशीं काय होतें? कौशल्य होतें, आणि तें लहानसहान नव्हतें. तुटलेला धागा डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच जोडणारीं बोटें होतीं. परंतु त्या कौशल्याचा लेखी पुरावा बहुधा कांहींच नव्हता. होता तो एका गिरणीच्या दरवाजाचा पास. शिवाय तें कौशल्य एका प्रकारच्या यंत्राशीं बांधलेलें होतें. त्याला दुसरी जोड द्यावी असें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें, व बारा महिने पाळ्या करणाऱ्यास तें सुचावें तरी केव्हां? कोणी रखवालदार झाला, कोणीं भाजीची गाडी लावली, कोणी गांवीं परत गेला. आज येथें न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडानें गिरणी कामगारांसाठीं बांधलेल्या उंच इमारती आपण येतां-जातां पाहतों. घर ज्यास मिळालें त्यास मिळालें. गेलेलें काम परत मिळालें नाहीं.

आतां शेजारचेंच दुसरें उदाहरण पाहा. माझगांव व धोबीतलाव येथें गोव्याच्या खलाशांचे कूड असत. त्यांतले कांहीं अद्याप आहेत. एकेका गांवाचा एकेक कूड. जहाजावरून उतरलेला माणूस दुसरें जहाज मिळेपर्यंत तेथें पथारी टाकी, सायंकाळीं सर्वांबरोबर रोझरी म्हणे. त्यांत फार शिकलेले थोडेच. कोणी आचारी, कोणी बटलर, कोणी इंजिनखोलींत तेल घालणारा. परंतु प्रत्येकाच्या पेटींत सी.डी.सी.चें पुस्तक असे, आणि कोणत्या जहाजावर, कोणत्या हुद्द्यावर, केव्हांपासून केव्हांपर्यंत काम केलें, हें त्यांत शिक्क्यानिशीं लिहिलेलें असे. एका कंपनीचें काम सुटलें तर तेंच पुस्तक घेऊन तो दुसरीच्या दारांत उभा राही. तो गिरणीवाल्याहून हुशार होता असें नव्हे, किंवा अधिक कष्टाळूहि नव्हता. फरक एवढाच कीं, त्याच्या कामाची साक्ष त्याच्याच पेटींत होती.

१९८२ च्या अनुभवावरून आपल्या घराघरांतून एक धडा शिकविला गेला, आणि आमच्या समजुतीप्रमाणें तो चुकीचा होता. बापानें मुलास सांगितलें, 'बाबा, आम्हीं केलें तें तूं करूं नको. हाताला काळें लावूं नको, खुर्चीवर बस.' ह्या उपदेशामागची माया आम्ही जाणतों. परंतु बापाचें नुकसान त्यानें हात वापरले म्हणून झालें नव्हतें. आज दिसतें काय? मुलगा कसाबसा बी.कॉम. होतो. खातेवहींत नोंद कशी करतात हें विचारलें तर त्यास सांगतां येत नाहीं. पदवीचा कागद घेऊन तो सहा महिने अर्ज करतो, आणि शेवटीं घरोघर सामान पोंचविण्याच्या कामास लागतो. त्या कामाची आम्ही निंदा करीत नाहीं. प्रामाणिक कष्टाचा घांस कोठेंहि पवित्रच. पण सकाळीं फोन उघडून आज काम आहे कीं नाहीं, हें पाहणारा हा मुलगा कोण? त्याचा आजा गिरणीच्या दारांत उभा राहत असे; हा फोनच्या दारांत उभा आहे. मग पदवीचीं तीन वर्षें कोणत्या कामीं आलीं?

ह्याचा अर्थ कोणी कॉमर्सला जाऊंच नये, असा करूं नका. ज्यास हिशेबाची गोडी आहे त्यानें अवश्य जावें. मात्र जमाखर्च, जी.एस.टी.चीं विवरणपत्रें, संगणकावरची टॅली, ह्या गोष्टी पदवीबरोबरच हातांत बसवाव्या. ज्यास भाषेची गोडी आहे त्यानें आर्ट्सला जावें व दोन भाषा अशा लिहाव्या कीं भाषांतराचें काम मिळेल. वाट कोणतीहि असो, वाटेच्या शेवटीं हातांत काय पडणार हें आधीं पाहावें, एवढेंच आमचें म्हणणें.

आपल्या ख्रिस्तसभेनें हाताच्या कामास हलकें मानिलेलें नाहीं. संत योसेफ सुतार होता. संत पौल उपदेश करीत फिरे आणि तंबू शिवून आपलें पोट भरीत असे. १८९१ सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं कामगारांच्या स्थितीविषयीं परिपत्रक काढिलें; १९५५ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं १ मे हा कामगार संत योसेफाचा सण ठरविला; आणि पोप दुसरे जॉन पॉल ह्यांचें मानवी श्रमाविषयींचें परिपत्रक सप्टेंबर १९८१ मध्यें, म्हणजे मुंबईच्या संपापूर्वीं अवघे चार महिने, प्रसिद्ध झालें. हे दाखले आम्ही शोभेसाठीं देत नाहीं. आपल्यांतच लग्नाच्या बोलण्यांत मुलगा 'कंपनींत आहे' असें मोठ्यानें सांगतात, आणि तो वायरमन आहे हें हळूच सांगतात. ज्याच्यावांचून घरांत दिवा लागत नाहीं त्याचें नांव सांगतांना आवाज खालीं कां यावा, हें आम्हांस कळलेलें नाहीं.

हाताचा धंदा शिकावयाचा तर तो कसा शिकावा, ह्याविषयीं संत डॉन बॉस्को ह्यांचें उदाहरण फार उपयोगाचें आहे. इटलींतील तुरीन शहरांत त्या वेळीं खेड्यांतून आलेलीं गरीब मुलें कारागिरांच्या हाताखालीं राबत. वस्ताद त्यांस धंदा शिकविण्याऐवजीं पाणी भरावयास व मुलें सांभाळावयास लावीत, आणि चुकलें तर मारीत. डॉन बॉस्को ह्यांनीं १८५१-५२ च्या सुमारास लेखी करार करण्यास आरंभ केला. सुतारकाम शिकणाऱ्या एका मुलाचा फेब्रुवारी १८५२ मधील करार प्रसिद्ध आहे. वस्तादानें मुलास धंदाच शिकवावा, धंद्याबाहेरचीं कामें सांगूं नयेत; चूक झाल्यास शब्दानें समज द्यावी, हात उगारूं नये; सणाचे दिवस मोकळे सोडावे; ठरलेलें वेतन द्यावें; मुलानेंहि आज्ञेंत राहून मन लावून शिकावें. खालीं वस्ताद, मुलगा, त्याचा बाप आणि डॉन बॉस्को ह्यांच्या सह्या. पावणेदोनशें वर्षांपूर्वीं एका गरीब धर्मगुरूस जें सुचलें, तें आपण अजून करीत नाहीं. आपल्या देशांत १९६१ चा शिकाऊ उमेदवारांविषयींचा कायदा आहे. त्याप्रमाणें करार नोंदवावा लागतो, विद्यावेतन द्यावें लागतें, आणि शेवटची परीक्षा उतरल्यावर सरकारी प्रमाणपत्र मिळतें. तरीहि आपलीं कितीएक मुलें ओळखीच्या गॅरेजांत 'ये, शीक हळूहळू' एवढ्या बोलीवर दोन-तीन वर्षें घालवितात, आणि बाहेर पडतात तीं आजोबांप्रमाणेंच, कौशल्य बोटांत व हात रिकामे. वडील मंडळींस आमची विनंती आहे कीं, मुलास कोठेंहि शिकावयास ठेवाल तर कागद केल्यावांचून ठेवूं नका, मग तो मालक आपला सोयरा कां असेना.

आतां आपल्या आसपास काय आहे तें सांगतों. मुंबईंतील यंत्रविद्येच्या शिक्षणाचा एक मोठा पाया ज्युबिलीनेंच घातला गेला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, १८८७ सालीं, निघालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट प्रथम आपल्या ह्या भायखळ्यांतच होती. कापडगिरण्यांस कसबी माणसें हवीं होतीं म्हणून ती निघाली. १९२३ सालीं ती माटुंग्यास गेली, आणि १९९७ पासून तिचें नांव वीरमाता जिजाबाई ह्यांचें आहे. गिरण्या गेल्या, ती संस्था मात्र राहिली, कारण तिनें काळाप्रमाणें नवे विषय शिकविले. तेथील पदवीच्या जागेसाठीं फार गुण लागतात हें खरें. पण इंजिनियर होण्याचें तेवढें एकच दार नाहीं. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करतां येते; भायखळ्याचें साबू सिद्दीक पॉलिटेक्निक तर पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. पदविका चांगली झाली कीं पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळूं शकतो. ज्यास तेवढे गुण नाहींत त्यास लोअर परळची आय.टी.आय. आहे, आणि दहावीनंतर दोन वर्षांची आय.टी.आय. केलेल्यासहि पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत जाण्याची वाट ठेविलेली आहे. म्हणजे पंचेचाळीस टक्के मिळालेला मुलगा वाट लांबची धरील, पण त्याची वाट बंद झालेली नाहीं. निकालाच्या दिवशीं त्यास घालून पाडून बोलणाऱ्या बापानें हें लक्षांत ठेवावें.

माझगांव डॉकच्या भिंतीलगत आपण राहतों, पण त्या भिंतीआड कसें जातां येतें ह्याची चौकशी थोडेच करतात. तेथें शिकाऊ उमेदवार तीन गटांनीं घेतले जातात: आठवी उतरलेले, दहावी उतरलेले, आणि आय.टी.आय. झालेले. फिटर, पाइपफिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, रिगर, असे ते धंदे. जाहिरात निघते, परीक्षा होते. वशिल्याची वाट पाहत बसणारा मागें राहतो. २०१७ सालीं नौदलांत दाखल झालेली कलवरी पाणबुडी ह्याच आवारांत बांधली गेली. पाण्याखालीं माणसांचे प्राण ज्या सांध्यावर अवलंबून असतात, तो सांधा वेल्डरनें घातलेला असतो. रेल्वेच्या परळ व माटुंगा येथील कारखान्यांतहि शिकाऊ घेतात. तेथें दहावी व आय.टी.आय.च्या गुणांवरून यादी लागते, म्हणून दहावीचे गुण अगदींच कवडीमोल समजूं नका. शिकाऊ म्हणून घेतलें म्हणजे नोकरी पक्की असें मात्र कोठेंच नाहीं. मिळतें तें प्रमाणपत्र, आणि आम्ही त्याचेंच महत्त्व सांगत आहों.

जहाजावर जाण्याची हौस आपल्यांत पूर्वापार आहे. दहावीनंतर सहा महिन्यांचा जी.पी. रेटिंगचा अभ्यासक्रम आहे. परंतु त्या नांवाखालीं लाखांनीं पैसे उकळणारे दलाल ह्या शहरांत पुष्कळ आहेत. नौवहन महासंचालनालयाच्या यादींत संस्थेचें नांव स्वतः पाहिल्याशिवाय एक रुपयाहि देऊं नका, व दागिने गहाण ठेवण्यापूर्वीं तर दहा वेळां पाहा.

मुलींविषयीं वेगळें बोलावें लागतें, ह्याचें वाईट वाटतें. भावाच्या क्लासची फी भरून उरेल त्यांत बहिणीचें शिक्षण, अशी चाल अजून कोठें कोठें आहे. शुश्रूषेचा पेशा ख्रिस्ती मुलींनीं आपल्या देशांत फार पूर्वींपासून उचलिला, जे.जे. व के.ई.एम. रुग्णालयांत शुश्रूषेचें शिक्षण मिळतें. बारावी कोणत्याहि शाखेची असो, इंग्रजी विषय व ४० टक्के गुण असले म्हणजे तीन वर्षांच्या जी.एन.एम. अभ्यासक्रमास अर्ज करतां येतो. चार वर्षांच्या पदवीस विज्ञानशाखा व प्रवेशपरीक्षा लागते. नर्सची नोंदणी परिषदेच्या दप्तरांत होते, आणि त्या नोंदणीवर ती परगांवीं, परदेशीं जाऊं शकते. खलाशाच्या पुस्तकासारखीच ही गोष्ट. मात्र मुलगी नर्स व्हावयास तयार नसेल तर तिला त्यांत लोटूं नये. आणि मुलगे ह्या पेशांत कां जात नाहींत, हेंहि कोणी तरी एकदां विचारावें.

ज्यांच्या घरीं कमावल्यावांचून भागत नाहीं त्यांनीं शिक्षण संपलें असें समजूं नये. ह्या शहरांत कामगारांसाठीं रात्रशाळा चालत आल्या. १९४६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं सिद्धार्थ कॉलेज काढिलें तेव्हां नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं सकाळचे वर्ग ठेविले. १९८९ पासून नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. दिवसा काम करून शिकणाऱ्यास वेळ अधिक लागतो, पण काम व कागद ह्यांची त्याच्या ठायीं आपोआपच जोड पडते.

ज्यांच्या मनांत धर्मगुरु अथवा धर्मभगिनी होण्याची ओढ असेल त्यांनीं ती आईबापांपासून लपवूं नये, आणि आईबापांनीं ती हंसण्यावारी नेऊं नये. त्या पाचारणाविषयीं बोलण्याचा अधिकार आमच्याहून ह्या व्यासपीठावरील इतरांस अधिक आहे, म्हणून येथेंच थांबतों.

एक रूक्ष सूचना. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, व ज्यांस लागू असेल त्यांनीं जातीचा दाखला, हे निकालापूर्वीं काढून ठेवावे. निकालानंतर तहसील कचेरींत रांग लागते, आणि सवलतीची मुदत रांगेसाठीं थांबत नाहीं.

राहतां राहिला कलाचा प्रश्न. मुलाचा कल कसा ओळखावा? २०१६ सालीं राज्यांतील दहावीच्या मुलांची कलमापन चाचणी सुरू झाली. पुढें कांहीं वर्षांनीं ती बंद झाली. ती होती तेव्हांहि तिचा कागद वाचून मुलाशीं बोलणारे आईबाप किती होते, देव जाणे. आमचें मत असें कीं, ज्या कामाविषयीं मुलगा बोलतो तें काम होतांना त्यानें दोन दिवस जवळून पाहावें. इंजिनियर व्हावयाचें म्हणणाऱ्यापैकीं कितींनीं एखादें यंत्र उघडलेलें पाहिलें आहे? नर्स होऊं इच्छिणारीनें रात्रपाळी करून आलेल्या नर्सला दहा प्रश्न विचारावे. पाहिल्यावर कोणाची हौस जाईल, कोणाची दुप्पट होईल. दोन्हींत तोटा नाहीं.

ह्यासाठीं येथेंच कांहीं करतां येईल. ह्या सभागृहांत आतां वेल्डर आहेत, परिचारिका आहेत, बँकेंतले आहेत, शिंपी आहेत, बेकरीवाले आहेत, रेल्वेचे मोटरमन आहेत, शिक्षक तर आहेतच. बाहेर पडण्याच्या दाराशीं मेजावर एक वही ठेविली आहे. ज्यांस आपलें काम एखाद्या मुलास किंवा मुलीस दाखवितां येईल, अथवा कामाची जागा बंदिस्त असल्यामुळें निदान त्याविषयीं तासभर बोलतां येईल, त्यांनीं आपलें नांव, धंदा आणि सोईचा वार तींत लिहावा. डाव्या बाजूचें पान मुलांसाठीं आहे; काय पाहावयाचें आहे तें त्यांनीं तेथें लिहावें, आणि ठाऊक नसेल तर तसेंच लिहावें. पेन दोन ठेविलीं आहेत. पुढच्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर आपण तीं दोन्ही पानें शेजारीं ठेवून जोड्या लावूं.